मांजरपाटावरची पानं

मला सुई धरता येत नाही हे मला निवृत्त झाल्यावर कळलं, आणि तेही माझ्या मुलीच्या वयाच्या बाईने भर वर्गात सांगितल्यावर. "काकू, सुई आहे ती, पेन नव्हे," ती म्हणाली आणि सगळ्या जणी फिदीफिदी हसल्या. कॉलेजच्या ऑफिसात मी अख्खी नोकरी काढली. माझ्या टेबलापाशी आले की प्रोफेसर लोकसुद्धा आवाज खाली करायचे. माझ्या तोंडावर हसायची कोणाची टाप नव्हती. त्या दिवशी मी अशी काही गार पडले की उलटून बोलायचंही सुचलं नाही. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "तू गप्प बसलीस? मग डॉक्टरकडे जाऊन येऊ या का?"

डॉक्टरांनीच तर हे सगळं सुरू केलं होतं. नोकरी संपली तसं माझं ब्लडप्रेशर चढलं. दिवसभर घरात मी आणि सासूबाई. सासूबाईंवर ओरडायची सोय नाही, म्हणून मी मिक्सरवर ओरडायचे, दूधवाल्यावर ओरडायचे, गच्चीवरच्या माकडांवर ओरडायचे. डॉक्टर म्हणाले, हाताला काहीतरी शांत काम लावा. पुण्याहून मुलीने परस्पर भरतकामाच्या क्लासला माझं नाव घातलं आणि मग मला फोन करून सांगितलं. गणपती नुकतेच गेले होते. इथे रत्नागिरीत, मारुती मंदिरापासून थोडं आत, एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर हा क्लास. खालून दात कोरायचा आवाज आणि वर आम्ही सुया घेऊन बसलेल्या.

त्या शिकवणाऱ्या बाईची एक खोड होती. छापील नक्षी चालायची नाही. कोणी मोबाइलवरून गुलाबाचा गुच्छ उतरवून आणला की ती तो कागद घडी करून स्वतःच्या पर्समध्ये ठेवायची आणि म्हणायची, "तुमच्या दारात गुलाब आहे का? मग कशाला त्याच्या मागे लागता? दारात आहे ते आणा." म्हणून दर आठवड्याला प्रत्येकीने आपल्या परसातलं एक पान नाहीतर फूल आणायचं, ते टेबलावर ठेवायचं, आणि सुईला हात न लावता आधी ते बघायचं. नुसतं बघायचं! पहिल्या दिवशी मी आंब्याचं पान नेलं होतं. पाच मिनिटांत मला वाटलं, ही बाई आपल्याला वेड्यात काढतेय. मी म्हटलं, "अहो, आंब्याचं पान आहे, जन्मभर तोरणाला बांधतोय, यात काय बघायचंय?" ती म्हणाली, "डोळे मिटा आणि सांगा, शिरा समोरासमोर निघतात की एक पुढे, एक मागे?"

मला सांगता येईना. डोळे उघडून पानाकडे बघितलं आणि थक्क झाले. आंब्याच्या झाडाखाली माझं बालपण गेलं, लांज्याजवळच्या गावात आमच्या घरासमोर रायवळ आंबाच होता, आणि त्याच्या पानाला शिरा कशा असतात ते मला ठाऊक नव्हतं. मला स्वतःचाच राग आला.

शिकायला मांजरपाट हवा, असं बाईंनी सांगितलं. मांजरपाट म्हणजे ते न रंगवलेलं, जाडंभरडं सुती कापड. खळ निघेपर्यंत धुतलं की मऊ पडतं आणि चुकलेला टाका उसवला तरी रागावत नाही. मी घरी येऊन पिशवी आपटली आणि नवऱ्याला म्हटलं, "आता मांजरपाट आणायला बाजारात उतरा. एवढ्या उन्हात!" तो काही बोलायच्या आत आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "माझ्याकडे हाय."

मी आणि नवरा एकमेकांकडे बघत राहिलो. सासूबाईंची ती हिरवी पत्र्याची पेटी आमच्या घरात कोणी उघडत नसे. किल्ली त्यांच्या कमरेला. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्या पेटीच्या आत काय आहे ते पाहिलेलं नव्हतं, आणि विचारायची हिंमतही केली नव्हती. त्यांनी स्वतः कुलूप काढलं, पार तळाशी हात घातला आणि घड्या पडून पिवळं पडलेलं एक कापड माझ्या हातात दिलं. चांगलं लांबरुंद होतं. कोपऱ्यात मिलचा निळा शिक्का होता, मोराचा.

"आई, कापू का याला?" मी विचारलं. मला अजून खरं वाटत नव्हतं.

"काप गो. नायतर सगळंच भर. तुला वाटेल तसा कर," त्या म्हणाल्या आणि पेटी लावून घेतली.

मी कापलं नाही. एवढं सुरेख जुनं कापड कापायला जीव होईना. म्हटलं, एकेका कोपऱ्यापासून सुरुवात करू, टाके शिकत शिकत भरत जाऊ.

आता सासूबाईंबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. माझे सासरे मच्छीमार बोटीवर तांडेल होते, म्हणजे बोट त्यांच्या हुकमावर चालायची. माझा नवरा अगदी लहान असताना ती बोट वादळात सापडली आणि परत आली नाही. बरोबरच्या काही माणसांची प्रेतं मिळाली. सासऱ्यांचं मिळालं नाही. सासूबाईंनी कुंकू पुसलं नाही. आजही त्या कपाळावर ठसठशीत कुंकू लावतात, हातात हिरव्या बांगड्या भरतात, वटपौर्णिमेला वडाला फेऱ्या घालतात. शेजारच्या बायका तेवढ्यापुरत्या दुसरीकडे बघतात. घरात सासऱ्यांचा फोटो आहे, त्याला हार नाही.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी बोलता बोलता "बाबा गेले तेव्हा" असं म्हणून गेले. नवऱ्याने माझा हात धरून मला थेट गच्चीवर नेलं. हा शांत माणूस, पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. म्हणाला, "या घरात हे वाक्य पुन्हा नको. आईला वाटतं ते येतील. तिची आशा तेवढीच आहे. ती तुटली तर आई जगायची नाही." त्याला स्वतःला चौथीत असताना शाळेतल्या एका मुलाने सांगितलं होतं, तुझा बाप मेला, तो कधी येणार नाही. तो धावत घरी आला आईला सांगायला, तर आई आरशापुढे कुंकू लावत होती. तो तसाच मागे फिरला. तेव्हापासून त्याने हा विषय काढला नाही. सर्वपित्रीला आमच्याकडे आजोबांचं पान वाढतात, सासऱ्यांचं नाही. एवढी वर्षं मी हे पाळलं. माझ्या जिभेला हाड नाही म्हणतात लोक, पण या एका बाबतीत मी जीभ दाताखाली धरली.

तर, भरतकाम. दर आठवड्याला मला एक धक्का बसायचा. पहिल्यांदा धावदोरा शिकवला. मी म्हटलं, हा काय शिकायचा, हा तर शाळेतली पोरंही घालतात. बाई म्हणाल्या, मांडवीला जा, ओहोटी लागल्यावर वाळूवर ज्या रेघा उरतात त्या बघून या आणि धावदोऱ्याने तशा काढा. मी काढल्या. आमच्या नवऱ्याने बघून विचारलं, "ही शेवई आहे का?" मी दोन दिवस त्याला चहा दिला नाही. मग गडग्यावरचा नेचा. आमच्या घराभोवतीच्या चिऱ्याच्या भिंतीला, जिला आम्ही गडगा म्हणतो, तिच्या फटींतून पावसाळा संपता संपता नेचे फुटलेले असतात. आजवर मी ते उपटून फेकायचे. त्याची मधली काडी देठाच्या टाक्याने आणि दोन्ही बाजूंची बारीक पानं तिरक्या टाक्यांनी भरायची. हात जरा स्थिर व्हायला लागला आणि बाई मागे येऊन उभी राहिली. कापड ताणून धरायची रिंग उलटी करून मागची बाजू बघितली. माझ्याकडे बघून गोड हसली आणि कात्रीने कच्चकन सगळे टाके कापून टाकले! मी जागेवरून उठलेच.

"अहो, काय केलंत हे?"

"मागे गाठींचा उकिरडा झाला होता, काकू. पान पुढून जसं असतं तसं मागूनही असतं ना?"

घरी येऊन मी अर्धा तास बडबडत होते. सासूबाई खिडकीपाशी बसून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आण इकडे." त्यांनी उसवलेल्या जागेवर बोट फिरवलं, कापड परत दिलं आणि म्हणाल्या, "काढ पुन्हा." त्यानंतर त्यांचं हे रोजचंच झालं. दुपारी मी भरायला बसले की त्या समोर येऊन बसायच्या. आजवर माझ्या कुठल्याच उद्योगात त्यांनी एवढं लक्ष घातलं नव्हतं. माशाच्या काट्याचा टाका शिकून आले तेव्हा मात्र त्यांनी माझी चांगलीच फिरकी घेतली. पानाच्या मधल्या शिरेपासून दोन्हीकडे तिरके टाके जातात, म्हणून त्याला ते नाव.

"असा काटा कुठच्या माशाला असतो गो?" त्यांनी विचारलं.

"असतो असं बाई म्हणतात."

"तुझ्या बाईने मासे कधी साफ केलेत काय?"

मी पोट धरून हसले. डोंगरपट्टीची मी, मलाही माशातलं ओ की ठो कळत नव्हतं लग्नाआधी. हे सगळं सासूबाईंनीच शिकवलं.

थंडीत आंब्याला मोहोर आला आणि आम्ही गाठीचा टाका शिकलो. सुईला दोऱ्याचे दोन वेढे द्यायचे आणि तिथेच खाली उतरायचं. माझ्या गाठी एक तर सुटायच्या, नाहीतर वाटाण्याएवढ्या व्हायच्या. जमायला लागल्या तेव्हा मोहोराचा तुरा कापडाच्या वरच्या अंगाला असा उठला की मी स्वतःच बघत राहिले. हे माझ्या हातून झालं? या हातांनी आजवर नुसते शिक्के मारले होते! मग सुरंगीचे दिवस आले. पांढऱ्या पाकळ्या भरीव टाक्याने, मधला पिवळा पुंजका गाठींनी. सुरंगी देठावर डोलत नाही, फांदीलाच गच्च चिकटून फुटते, हेसुद्धा मला बघितल्यावरच कळलं. कोपऱ्यातला मोराचा निळा शिक्का मला फार आवडला होता. त्याच्याभोवती मी साखळी टाक्याने एक वेल फिरवली, चौकटीसारखी.

आणि मग आत्या आल्या.

आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. अंजनवेलला दिलेली. गुडघा दाखवायला रत्नागिरीच्या डॉक्टरकडे आल्या होत्या. सासूबाई शेजारी गेल्या होत्या. मी चहा ठेवला आणि मोठ्या ऐटीत भरतकाम आणून त्यांच्या मांडीवर पसरलं. त्यांनी चष्मा लावला. "अगो बाय! सुरंगी हुबेहूब काढलीस," म्हणाल्या. नेच्यावरून हात फिरवला, मोहोर बघितला, कापड सरकवत सरकवत कोपऱ्यापर्यंत आल्या. शिक्क्यावर बोट टेकलं आणि तिथेच थांबलं.

"हे कापड तुला कोणी दिलं?"

"आईंनी. पेटीतलं."

आत्यांनी कापड मांडीवरून असं ढकललं, जसं काही त्यात विंचू होता. चष्मा काढून डोळे मिटून घेतले. मला वाटलं त्यांना चक्कर येतेय, मी पाणी आणायला धावले. त्यांनी माझा पदर धरून मला खाली बसवलं.

"हे माझ्या दादाचं कापड हाय," त्या म्हणाल्या. "प्रेताचं."

मांजरपाट कशाकशाला लागतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. मयताला गुंडाळायला हेच कापड आणतात, सगळ्यांना ठाऊक आहे. पण जुन्या पेटीतून निघालेल्या कापडाबद्दल असा विचार कोणाच्या मनात येईल?

आत्यांनी खालच्या आवाजात सांगितलं ते असं. बोट बुडाल्याची बातमी आली त्या दिवशी सगळ्या बायका जेटीवर जमल्या होत्या. एकदोन प्रेतं किनाऱ्याला लागली होती, बाकीची येतील म्हणून वाट बघत होत्या. कोणीतरी वडीलधारं माणूस म्हणालं, दुकानं बंद व्हायच्या आत कापडं आणून ठेवा. ज्यांची माणसं मिळाली त्यांची कापडं त्यांना लागली. सासूबाईंनी आणलेलं हे तसंच राहिलं. पुढे काही वर्षांनी भटजी आले. प्रेत मिळत नाही तेव्हा पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा माणूस करतात, त्याला या कापडात गुंडाळून अग्नी देतात, मग सुटका. भटजींनी नुसतं तोंडातून काढलं, तर सासूबाईंनी त्यांना उंबऱ्याबाहेर घालवलं. "तिला वाटतं दादा येईल," आत्या म्हणाल्या. "म्हातारपणाने डोकं फिरलं असणार, चुकून दिलंन तुला. आता पेटी उघडून बघितलंन आणि कापड नाय दिसलं तर काय करील ती? आणि तू तर त्याच्यावर फुलं काढलीस गो!"

डोळ्यांसमोर ते सगळे महिने आले. मी मयताच्या कापडावर शेवई काढत होते, हसत होते, चहाचा कप ठेवत होते त्याच्यावर, आणि सासूबाई समोर बसून बघत होत्या. आत्या परत जायला निघाल्या आणि मी कापड घडी करून कपाटात कोंबलं. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन नवा मांजरपाट आणला, म्हटलं गुपचूप पेटीत ठेवू. पण नवं कापड पांढरं फटफटीत, त्याला ना मोर ना पिवळेपणा. लहान मुलालाही फसवता आलं नसतं. मग टाके उसवायला घेतले. सुरंगीचा एक पुंजका उसवला आणि दाट गाठींच्या जागी भोकंच भोकं दिसायला लागली. मी सुई टाकून दिली. नवऱ्याला सांगायची छाती झाली नाही. क्लासला जायचं बंद केलं. त्यांची आशा माझ्या हातून तुटणार, त्यातून त्या उठायच्या नाहीत, आणि नवरा मला जन्मात माफ करणार नाही, एवढंच डोक्यात.

अशा दोनचार दुपारी गेल्या. मग एक दिवस जेवण झाल्यावर सासूबाई येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "का गो, सुई हरवलीस काय?"

मला रडूच फुटलं. मी कपाटातून कापड काढून त्यांच्यापुढे ठेवलं. "आई, हे तुम्ही चुकून दिलंत मला."

"चुकून कशाला देऊ? पेटीत काय काय हाय ते मला डोळे मिटून सांगता येतं."

"आत्या सांगत होत्या..."

"ती सांगणारच. माझ्याबरोबर होती ना दुकानात." त्यांनी कापड ओढून घेतलं आणि उसवलेली जागा बघितली. "हे काय केलंस? चांगलं फूल होतं."

मी रडायची थांबले. आता मला राग यायला लागला होता. "मग दिलंतच कशाला? माहीत होतं तर दिलंत कशाला, आई? मी काय केलं होतं तुमचं?"

त्यांनी कापडाची घडी घातली. मग शांतपणे म्हणाल्या, "माझ्या मागे पेटी कोण उघडणार? तुझा नवराच ना. हे कापड दिसलं की त्याला कळेल. म्हटलं, तू पानं-फुलं काढ, कुठे तरी अंथर, वापर, फाटलं की पायपुसणं कर. मग त्याला कळायचं नाय."

"काय कळायचं नाही?"

"की बाप येणार नाय ते."

खिडकीबाहेर रिक्षा गेली, शेजारी कुकरची शिट्टी झाली. एवढी वर्षं ज्या एका आशेसाठी आम्ही या घरात पाऊल वाजवलं नाही, ती आशाच नव्हती!

"तुम्हाला माहीत आहे?" मी कसंबसं म्हटलं.

"मला नाय तर कोणाला? मी त्या दिवशीचा दर्या बघितलेला. बाकीच्या बायका नवस बोलत होत्या. त्यांच्या घरची म्हातारी माणसं गेली कापडं आणायला. मी स्वतः उठून गेले, पोराला कडेवर घेऊन. सगळ्यांच्या आधी मीच म्हटलं, गेला."

"आणि मग हे?" मी त्यांच्या कपाळाकडे बोट केलं. असं बोट मी जन्मात केलं नसतं, पण त्या वेळी मला भान नव्हतं.

"तो रोज संध्याकाळी उंबऱ्यावर बसून राहायचा. बाबा कधी येतील? एकदा म्हटलं, येतील. म्हटलं आणि अडकले. कुंकू पुसलं असतं तर त्याने विचारलं असतं. भटजी म्हणाले पानांचा माणूस करा, तर त्याला अग्नी कोण देणार? एवढंसं पोर ते! म्हटलं, शाळा होऊ दे. शाळा झाली, म्हटलं नोकरी लागू दे. मग तू आलीस, तुझी पोर झाली. आता कुठच्या तोंडाने सांगू? त्याला अजून वाटतं गो. फोटोला हार घालत नाय, बघतेस ना?"

"अहो, तुमच्यासाठीच ते हार घालत नाहीत!" मी ओरडले. खरंच ओरडले, सगळ्या घराला ऐकू जाईल अशी. "त्यांना सगळं माहीत आहे! ते चौथीत होते तेव्हापासून माहीत आहे. शाळेतल्या पोराने सांगितलं. तुम्हाला सांगायला आले तर तुम्ही कुंकू लावत होतात, म्हणून परत फिरले. तुमची आशा तुटेल म्हणून गप्प राहिले. मला गप्प बसवलं. अहो आई, तुम्ही दोघांनी काय केलंत हे!"

सासूबाईंच्या हातातलं कापड खाली घसरलं. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. मी त्यांना कधी असं पाहिलं नव्हतं. माझ्या बाळंतपणात मी मरायला टेकले होते तेव्हासुद्धा या बाईचा चेहरा हलला नव्हता.

"चौथीत?" त्या म्हणाल्या.

"हो."

"चौथीत केवढं असतं गो पोर? दोन्ही हातांनी तांब्या धरतं." मग पडलेलं कापड उचलत म्हणाल्या, "म्हणजे तेव्हापासून एकटाच होता."

चहा दिला, तो तसाच राहिला. मी दोनदा जाऊन बघून आले, त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला भीती वाटायला लागली, आणि मी नवऱ्याला फोन करायला घेतला, पण काय सांगणार होते मी फोनवर?

संध्याकाळी तो बँकेतून आला. येताना बांगडे घेऊन आला होता. दारात उभा राहून एक चप्पल काढली, तेवढ्यात सासूबाई आतून आल्या. भिंतीला धरत धरत आल्या आणि त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"बाळा," त्या म्हणाल्या, "तुझे वडील वारले."

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. मला वाटलं तो म्हणेल, मला माहीत आहे आई. किंवा माझ्याकडे बघेल, माझ्यावर भडकेल. त्याने आईच्या तोंडाकडे बघितलं आणि कोणाच्याही घरी अशी बातमी आली की माणूस जे विचारतो, तेच विचारलं.

"कधी?"

"तू माझ्या कडेवर होतास तेव्हा."

त्याच्या हातातली पिशवी खाली पडली. तो एका पायात चप्पल घेऊन तसाच उंबऱ्यावर बसला आणि रडायला लागला. निवृत्तीला आलेला माणूस, केस पांढरे झालेले, स्वतःच्या मुलीची पाठवणी करताना ज्याने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, तो गळा काढून, हुंदके देत, वडील आत्ता गेल्यासारखा रडत होता. शेजारच्या वहिनी बाहेर आल्या, मी त्यांना हातानेच थांबवलं. सासूबाई त्याच्या शेजारी खाली बसल्या आणि त्याचं डोकं त्यांनी पोटाशी धरलं. "सांगायला हवं होतं रे मी," एवढंच म्हणत राहिल्या, आणि तो मान हलवत राहिला.

खूप वेळाने त्याचं रडणं ओसरलं. मयताची बातमी कानावर आली की आधी आंघोळ करायची, मग ती बातमी कितीही उशिरा येवो, ही आमच्याकडची रीत. सासूबाईंनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"बांगडे शेजारी देऊन टाक गो," त्या म्हणाल्या. "आणि पाणी तापव. आधी तो आंघोळ करील, मग मी."

मी आत जाऊन गिझर लावला.